यारोस्लाव्लचं वोल्कोव थिएटर : आम्ही दोघं इंदूरकर आणि बाल्कनीची तिकिटं

आधीच सांगून टाकते, मला रशियन येत नाही. "स्पासीबा" म्हणजे थँक्यू आणि "खोलदना" म्हणजे गारठा, एवढ्या दोन शब्दांवर मी गेले होते आणि फेब्रुवारीत त्यातला दुसराच जास्त कामाला येतो. तेव्हा हा काही समीक्षकाचा रिव्ह्यू नाही हं. इंदूरच्या रामबागेत वाढलेली, लग्नानंतर सुदामानगरला आलेली, सानंदचा, म्हणजे आमच्या इंदुरात मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेचा, प्रयोग असला की त्या संध्याकाळी घरी फक्त खिचडी लावणारी एक बाई रशियातल्या एका नाटक कंपनीकडे जाऊन आली, तिने लिहिलेलं आहे हे. पाचातले साडेचार देतेय. अर्धा कापलाय तो माझ्या रशियनचा, त्यांचा नाही.

भाचा तिथे यारोस्लाव्लला डॉक्टरकी शिकतोय. दोन वर्षं झाली तो फोनवर मला चिडवत होता की मावशी तू नाटक नाटक करतेस ना, माझ्या गावात रशियातलं सगळ्यात जुनं थिएटर आहे, होस्टेलवरून बसने पंधरा मिनिटं. मी म्हटलं मग काय बघितलंस तिथे? तर म्हणे आत कधी गेलोच नाही. आजकालची पोरं म्हणजे. शेवटी यंदा आम्ही दोघं गेलोच. आमच्या ह्यांना नाटकात इंटरेस्ट मध्यंतरातल्या बटाटेवड्यापुरता, पण बर्फ बघायचा होता म्हणून तयार झाले.

मॉस्कोत गाड्यांची स्टेशनं गावांच्या नावाने आहेत, त्यामुळे यारोस्लाव्लला जायचं तर यारोस्लाव्स्की स्टेशन, चुकायचा प्रश्नच नाही. अडीचशे किलोमीटरच्या वर अंतर, साडेतीन तास लागले. गाव व्होल्गा नदीवर, कोतोरोस्ल नावाची दुसरी नदी तिथेच येऊन मिळते, म्हणजे संगमावरचं गाव. १०१० साली वसवलं म्हणतात, यारोस्लाव नावाच्या राजाने, त्याच्यावरूनच नाव. त्यांच्या हजार रुबलच्या जुन्या नोटेवर हाच राजा आहे आणि मागे याच गावातलं एक चर्च. गावाची ओळख मात्र अस्वल, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेलं. जिथे जाल तिथे अस्वल, गटाराच्या झाकणावरही बघितलं.

नोटांचा विषय निघाला तर हे सांगून ठेवते कारण कुणाला तरी उपयोगी पडेल. आपली व्हिसा-मास्टरकार्डवाली कार्डं २०२२ पासून रशियात चालत नाहीत. कॅश न्यावी लागते. आणि याच भानगडीत आम्ही तिकिटाला फसलो, इंदूरहूनच बुकिंग करून जाऊ म्हणून एका एजंटाला सांगितलं, त्याने मूळ किमतीच्या तिप्पट लावले आणि वर जी तिकिटं पाठवली ती आदल्या दिवशीची! म्हणजे आमची गाडी पोचायच्या आधीच आमचं नाटक होऊन गेलेलं. नाव लिहीत नाही, पण माणूस आपल्याच गावचा निघाला याचं जास्त वाईट वाटलं. भाचा म्हणाला मावशी टेन्शन नको घेऊ, आणि सरळ थिएटरच्या खिडकीवर जाऊन, तिला तिथे "कासा" म्हणतात, बाल्कनीची तीन तिकिटं काढली. मुंबईच्या नाटकाचं इंदुरात पुढच्या रांगेचं तिकीट जेवढ्याला पडतं त्यापेक्षा स्वस्तच पडली. तेव्हा धडा हाच की खिडकीवर जा.

आता इमारत. चौकाचं नावच वोल्कोव चौक. पिवळसर-पांढरी, मोठ्या खांबांची, आणि वर छपरावर अपोलो देव तंतुवाद्य घेऊन उभा, म्हणजे त्यांची सरस्वतीच समजा. ही इमारत १९११ची, निकोलाय स्पीरिन नावाच्या आर्किटेक्टची. फ्योदोर वोल्कोवचं नावही त्याच वर्षी थिएटरला दिलं. त्याचा पुतळाही जवळच आहे, तो १९७३चा. बर्फ खांद्यावर साचून त्याने शाल घेतल्यासारखी दिसत होती.

पण गोष्ट सुरू होते ती १९११ला नाही, १७५०ला, आणि ती मला इतकी आवडली की दोन दिवस मी तिथेच अडकले होते. हा वोल्कोव व्यापाऱ्याच्या घरातला. जन्म १७२९, कोस्त्रोमा गावात. वडील गेले, आईने यारोस्लाव्लच्या पोलुश्किन नावाच्या व्यापाऱ्याशी दुसरं लग्न केलं, तर पोरं इकडे आली. सावत्र बापाचे गंधकाचे वगैरे कारखाने. धंदा शिकायला पोराला पाठवलं, तो पीटर्सबर्गला गेला आणि तिथे परदेशी कंपन्यांची नाटकं बघून आला, झालं! धंदा कसला शिकतोय. सावत्र बाप गेल्यावर कारखाने याच्या हातात आले आणि याने काय केलं तर भावांना, मित्रांना गोळा करून कातडी ठेवायच्या कोठारात नाटक लावलं. वय किती? एकवीस. सावत्र बहिणीने कोर्टात धाव घेतली की हा नाटकापायी कारखाने बुडवतोय. हे वाचलं आणि मला इतकं ओळखीचं वाटलं म्हणून सांगू, आपल्याकडे प्रत्येक मराठी घराण्यात एक तरी काका असतोच की नाही ज्याने नाटकापायी शेत विकलं?

कोठारातल्या त्या नाटकाची खबर पीटर्सबर्गला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीला, पोचली आणि १७५२ साली सम्राज्ञी एलिझावेताने, म्हणजे पीटर द ग्रेटच्या मुलीने, अख्खी कंपनीच दरबारात बोलावून घेतली. पोरं स्लेजवर बसून गेली असतील, जानेवारीतली गोष्ट. त्यांच्यात द्मित्रेव्स्की म्हणून एक मुलगा होता तो सुरुवातीला बायकांची कामं करायचा, आणि असं सांगतात की राणीने स्वतः त्याला नटवलं, दागिने घालून, आणि एका पोलिश सरदाराशी चेहरा जुळतो म्हणून हे आडनावही तिनेच दिलं. मी हे ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, म्हणजे लोकमान्यांनी नारायणरावांना बालगंधर्व केलं तसंच की! हे कधीतरी असं एकदम बरोबर बोलतात. मग १७५६ला राणीचं फर्मान निघालं आणि रशियाचं पहिलं सरकारी सार्वजनिक थिएटर सुरू झालं, पीटर्सबर्गला, ज्यात ही यारोस्लाव्लचीच मंडळी. वोल्कोव पुढे १७६३ला मॉस्कोत वारला. नंतरची राणी कॅथरीन द ग्रेट, तिच्या राज्याभिषेकानिमित्त रस्त्यावरून सोंगांची मोठी मिरवणूक काढली होती, तिचं सगळं नियोजन याच्याकडे, कडाक्याच्या थंडीत दिवसदिवस बाहेर उभा राहिला, आजारी पडला आणि गेला. चौतीस वर्षांचा होता.

आता हिशेब बघा. आपले विष्णुदास भावे सांगलीला सीतास्वयंवर करतात १८४३ला, तेही पटवर्धन सरकारांनी सांगितलं म्हणून. इथे १७५०ला राजा नाही, सरकार नाही, एक व्यापाऱ्याचा पोरगा आणि कातड्यांचा वास. मी काही कमी-जास्त करत नाही हं, उगाच कमेंटमध्ये भांडायला येऊ नका.

आणि त्याहून भारी गोष्ट म्हणजे याच यारोस्लाव्लमध्ये १७४९ला जन्मलेला गेरासिम लेबेदेव नावाचा माणूस, चर्चच्या गायकाचा मुलगा, व्हायोलिन वाजवणारा, फिरत फिरत आधी मद्रासला आणि मग कलकत्त्याला आला, बंगाली शिकला, आणि १७९५च्या नोव्हेंबरात डोमतला भागात स्वतःचं थिएटर बांधून त्याने एका इंग्रजी नाटकाचं बंगाली रूपांतर केलं, बंगाली नट आणि बंगाली नट्यांना घेऊन! बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या, १७९५ला! भाव्यांच्या अठ्ठेचाळीस वर्षं आधी. नंतर इंग्रजांच्या थिएटरवाल्यांनी त्याला धंद्यातून उठवला, कर्ज झालं, १७९७ला निघून गेला. लंडनला जाऊन १८०१ला हिंदुस्थानी भाषेचं व्याकरण छापलं. म्हणजे ज्या गावातून रशियाचं नाटक सुरू झालं त्याच गावच्या पोराने कलकत्त्यात पडद्याचं बंगाली नाटक सुरू केलं. भाचा तीन वर्षं तिथे आहे आणि हे त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, मावशी आम्हाला अॅनाटॉमीच एवढी असते.

बरं, आता आत चला.

आत गेल्या गेल्या सगळ्यात आधी कोट. याला "गार्देरोब" म्हणतात, काउंटर, मागे खुंट्यांच्या रांगा, आणि कोट घालून हॉलमध्ये जायचं नाहीच. तुम्ही कोट द्यायचा, त्या नंबरचा बिल्ला देतात. बायका पिशवीत चपला-सँडल घेऊन येतात, बर्फाचे बूट काढून पिशवीत, आणि तिथेच बाकावर बसून सँडल घालतात, कंगवा फिरवतात, मग आरशासमोर. म्हणजे बाहेरून अस्वलासारखी आलेली बाई पाच मिनिटांत रेशमी ड्रेसमध्ये. मला हे फार आवडलं. मी माहेश्वरी नेसले होते, आत थर्मल, पायात भाच्याच्या मित्राच्या आईचे उसने बूट, आणि सँडल न्यायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे निळी माहेश्वरी आणि खाली फरचे बूट, अशी मी ठुमकत जिना चढले.

पण त्याआधी कोटाचा तमाशा झाला. माझा कोट राजवाड्याच्या मागच्या बाजारातून हिवाळी सेलमध्ये घेतलेला, मरून रंगाचा, दिसायला चांगला, पण आत मानेशी खुंटीला अडकवायचा बंद असतो ना तो तुटलेला. काउंटरवरच्या आजींनी कोट घेतला, आत हात घातला, बंद नाही. त्यांनी कोट परत माझ्यासमोर धरला, बोटाने ती जागा दाखवली आणि असं काही बोलल्या की रशियन न येताही मला कळलं, माझी आईही अगदी तसंच बोलायची. मागे रांग. हे म्हणाले सांग की आपल्याकडे इंदुरात कोट अडकवतच नाहीत. मी म्हटलं तुम्ही गप्प बसा. आजींनी मान हलवली, कोट घेतला, बिल्ला दिला, १८७ नंबर, आणि हाताने "जा जा" केलं.

आणखी एक सांगते. तिथे दुर्बिणी भाड्याने मिळतात, बाल्कनीत बसणार असाल तर घ्याच. भाचा म्हणाला दुर्बीण घेणाऱ्याला शेवटी कोटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही असा बऱ्याच थिएटरांत रिवाज आहे, म्हणून लोक डोळे चांगले असले तरी घेतात. हे ऐकून आमच्या ह्यांनी लगेच घेतली. जुगाड सगळीकडे सारखाच.

वरच्या फॉयरमध्ये भिंतीवर फोटो आहेत, आणि इथे मी खरी थांबले. कंपनीतल्या सगळ्या नटनट्यांचे फोटो. पाहुणे कलाकार नाहीत, पोस्टरवरचे स्टार नाहीत, कंपनीत नोकरीला असलेली माणसं, म्हातारे, मधल्या वयाचे, आत्ताच शाळेतून आल्यासारखी दिसणारी पोरं, सगळे एका ओळीत. त्याला ते "त्रुप्पा" म्हणतात. महिन्याचा पगार, सुट्ट्या, पेन्शन, आणि आज हे नाटक, उद्या ते, परवा मुलांसाठी सकाळचं, असं आठवडाभर वेगवेगळं. एक नाटक बसवलं की वर्षानुवर्षं यादीत राहतं, महिन्यातून एक-दोनदा लागतं. सेट गोदामात, कपडे कपाटात. आज जो नायक तो उद्या तिसऱ्या अंकात चहाचा ट्रे घेऊन येतो. आणि गावातले लोक त्यांना वीस-वीस वर्षं बघत म्हातारे होतात, नटही होतात.

आपल्याकडे हे होतंच की. किर्लोस्कर मंडळी, ललितकलादर्श, गंधर्व मंडळी, या पगारी कंपन्याच होत्या, बिऱ्हाडासकट, आचाऱ्यासकट. फक्त त्या गावोगाव फिरायच्या, ही एका गावाला बांधलेली आहे. इंदुरातही बाबा डिके, राहुल बारपुते या मंडळींनी नाट्यभारतीतून किती काम केलं, ते नोकऱ्या सांभाळून, संध्याकाळी तालमी करून. माझे वडील सांगायचे की ऑफिसातला माणूस रात्री रंगमंचावर बघून दुसऱ्या दिवशी फाइल देताना हसू यायचं. आता आम्ही बहुतेक काय करतो, तर मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नाटकाची वाट बघतो. सानंदमुळे ती येतात हे आमचं नशीबच, मी सानंदच्या सभासदांतल्या रामूभैया दाते गटाची, माझी शनिवारची वेळ ठरलेली, तक्रार नाही. पण ते नट प्रयोग संपला की रात्री नाहीतर सकाळी निघून जातात, फार तर सराफ्यात गराडू खाताना दिसतात, सेल्फी होतो. त्या भिंतीसमोर उभी राहून मला वाटलं की आमच्या गावात असे चाळीस-पन्नास फोटो लावता आले असते तर. हे म्हणाले चल, पहिली घंटा झाली.

या कंपनीची जी मोठी माणसं होऊन गेली त्यांत दिग्दर्शक फिर्स शिशीगिनचं नाव भाच्याच्या रशियनच्या मॅडमनी फार आदराने घेतलं. १९६० ते १९७८ त्यांनी हे थिएटर चालवलं, त्यांच्याच काळात १९६६ला थिएटरला "अकॅडमिक" हा किताब मिळाला, तो तिथे मोठा मान असतो. नटांमध्ये वालेरी नेल्स्की, त्यांना सोविएत काळातली सगळ्यात वरची "जनतेचा कलाकार" ही पदवी होती. २०००पासून दरवर्षी वोल्कोवच्या नावाने नाट्यमहोत्सवही भरतो.

त्याच मॅडमनी चहा पिताना अजून एक गोष्ट सांगितली, ती सांगताना बशी अशी आपटली की मी दचकले. २०१९ साली वरून ठरलं की हे थिएटर पीटर्सबर्गच्या अलेक्सांद्रिन्स्की थिएटरला जोडून टाकायचं, दोघांचं मिळून एक करायचं. गाव पेटलं. नट विरोधात, प्रेक्षक विरोधात, पेपरात रोज बातमी. शेवटी तो बेत गुंडाळावा लागला. आता गंमत काय, हे अलेक्सांद्रिन्स्की म्हणजे १७५६च्या त्या फर्मानातून निघालेलंच थिएटर, जे यारोस्लाव्लच्याच पोरांनी उभं केलं! मॅडमचं म्हणणं, एकदा आमची अख्खी कंपनी राजधानीने उचलून नेली होती, स्लेजवर बसवून, ती काही परत आली नाही, आता दुसऱ्यांदा नाही देणार. यावर मी काय बोलणार, मला फक्त स्पासीबा येत होतं, ते म्हटलं.

तिसरी घंटा झाली. हो, तिथेही तीनच घंटा असतात! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पहिलीला लोक उठतात, दुसरीला रांगांत शिरतात, आणि शिरताना बसलेल्यांकडे तोंड करून जायचं, पाठ करायची नाही, पाठ केली तर असभ्य समजतात. ह्यांनी पाठ केली. एका आजोबांनी गुडघे आखडून घेतले पण बोलले काही नाहीत. तिसरीला अंधार.

नाटक होतं गोगोलचं, १८३६ साली पहिल्यांदा लागलेलं, इन्स्पेक्टरवालं. पुलंनी यालाच मराठीत "अंमलदार" केलं, त्यामुळे मला गोष्ट पाठ होती आणि मुद्दाम याच तारखेची तिकिटं काढली होती. छोटं गाव, सगळे अधिकारी खाबू, खबर येते की राजधानीतून गुपचूप तपासनीस येतोय, आणि खानावळीत बिल थकवून बसलेल्या एका फुकट्या पोराला हे सगळे तपासनीस समजतात. आता सांगा, हे समजायला भाषा कशाला हवी? पोस्टमास्तर बसतो कसा, शाळा तपासणारा घाबरतो कसा, नगराध्यक्षाची बायको खिडकीतून वाकते कशी, यात सगळं कळतं. मी तर अर्धा वेळ आमच्याकडच्या ऑफिसांतल्या माणसांची नावं मनात लावत होते.

थापा मारायचा प्रवेश तर असा रंगला की काय सांगू. तो फुकट्या दारू पिऊन बढाया मारतो, माझ्याकडे पॅरिसहून बोटीने सूप येतं, मला बोलवायला पस्तीस हजार जासूद धावले, आणि जसजसा आकडा वाढतो तसतसे समोरचे अधिकारी खुर्चीवरून एक एक इंच वर उठत जातात. दुर्बिणीतून मी फक्त त्यांचे पाय बघत होते. सहा माणसांचे टाचा उचललेले बूट, थरथरणारे, एका लयीत. तो एकदम ओरडला आणि सगळे बूट एकदम खाली, टप्प! ही एक दिवसाची तालीम नाही. ही वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर काम केलेल्या माणसांचीच लय असते, आपल्याकडे संगीत नाटकात ऑर्गनवाला आणि गायक नट यांची जशी असायची. मी ह्यांना कोपर मारलं, तर हे जागे होते! हसत होते!

एक म्हातारा नट होता, काम दोन मिनिटांचं, लाच द्यायला येतो, पाकीट पडतं, वाकून उचलता येत नाही. तो विंगेतून आला आणि बोलायच्या आधीच टाळ्या. गाव त्याला ओळखतं. मी त्याला फॉयरमधल्या फोटोत बघितलं होतं, फोटोत केस काळे होते.

मध्यंतराला त्यांचा "बुफेत". वडा नाही, विसरा. पावाच्या तुकड्यावर लोणी आणि लाल माशाची अंडी, केक, आणि छोट्या ग्लासात कोन्याक, हो हो दारू, थिएटरात, बायका-पुरुष सगळे शांतपणे पितात आणि परत जागेवर जाऊन बसतात. आपल्याकडे कल्पना करा! आम्ही शाकाहारी, तर कोबी भरलेला पिरोझोक घेतला, म्हणजे आपल्या कचोरीचा भाजलेला मऊ भाऊ, तिखट शून्य. पर्समध्ये लौंग शेवेची पुडी होती ती वर भुरभुरवली. मग बरा लागला. रांग मोठी असते पण कुणी घुसत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळ्यांचं होतं. साखरेबरोबर लिंबाचा चहा मिळाला, दूध मागितलं तर बाईने असं बघितलं की मी माघार घेतली.

शेवटचा प्रवेश माहीत असूनही अंगावर आला. खरा तपासनीस आल्याची वर्दी येते आणि सगळेच्या सगळे जागच्या जागी थिजतात. गोगोलनेच नाटकात लिहून ठेवलंय की जवळजवळ दीड मिनिट तसंच राहायचं. दीड मिनिट म्हणजे किती हे घरी करून बघा. कुणाचा हात वर, कुणाचं तोंड उघडं, एकीचा पदर, म्हणजे शाल, खांद्यावरून अर्धी घसरलेली, आणि ती घसरत नाही, थांबलीय. मी मनात आकडे मोजायला लागले. तीसपर्यंत लोक हसत होते. पन्नासला हसू थांबलं. सत्तरला कुणीतरी खोकलं आणि एकदम गप्प झालं. मग पडदा.

टाळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू सगळ्यांच्या एका ठेक्यात झाल्या, आपल्या आरतीच्या शेवटी होतात तशा. लोक फुलं घेऊन पुढे जातात, स्टेजच्या कडेला, आणि हातात देतात. फुलांचं एक सांगते, आम्ही सकाळी बाजारातून सहा शेवंती घेतल्या होत्या तर भाचा ओरडला, मावशी सम नाही, सम फुलं तिथे फक्त मेलेल्या माणसाला! एक काढून टाकली. आपणही आहेर एकावन्न-एकशे एकच देतो ना, मग पटलं लगेच. पाच शेवंती घेऊन मी बाल्कनीतून खाली, फरचे बूट, निऱ्या हातात धरून, पळत. त्या म्हाताऱ्या नटाला दिल्या. त्यांनी वाकून घेतल्या, या वेळी सहज वाकले बरं का, मगाशी वाकता येत नव्हतं तो अभिनय होता! माझ्या साडीच्या काठाकडे बोट करून काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मला कधीच कळणार नाही, आणि म्हणूनच तो अर्धा स्टार कापलाय.

जाणार असाल तर, गोष्ट आधी वाचून जा, हे सगळ्यात महत्त्वाचं. भाषा येत नसेल तर नव्या नाटकाला जाऊ नका, ओळखीचं निवडा, गोगोल, चेखव, ओस्त्रोव्स्की, यातलं काहीतरी यादीत सापडतंच. फोन खरंच बंद करा. सँडल पिशवीत न्या. आणि कोटाचा बंद शिवून घ्या.

खाली आलो तर कोटांची लांबच लांब रांग, आणि हे दुर्बीण उंच धरून, जिंकल्यासारखे, सरळ पुढे. मीही मागोमाग. आजींनी १८७ बघितलं, कोट आणला, आणि मला द्यायच्या आधी उलटा करून मानेशी बोट ठेवलं. बंद शिवलेला होता. मरून कोटाला काळा दोरा, जाड, चार टाके इकडे चार तिकडे, पण ओढून बघितला तर पक्का. आमचं नाटक चालू असताना त्यांनी खाली बसून शिवला होता. मला काही सुचेना. पर्समध्ये हात घातला तर शेवेची पुडी, अर्धी उरलेली, तीच दिली. आजींनी वास घेतला, चार काड्या तोंडात टाकल्या, डोळे मोठे केले, "ओस्त्रा!" म्हणाल्या, खोकल्या, हसल्या, पुन्हा चार टाकल्या, मग पुडीचं तोंड नीट दुमडून ती सुईदोऱ्याच्या खणात ठेवली आणि पुढच्याचा बिल्ला घेतला.